पहिले दहा सेंटिमीटर

मी गवंडीकामाचा एक जुना पोलादी टेप आहे. मोजणं हाच माझा धंदा, म्हणून मित्रांनो, आधी माझीच मोजदाद सांगतो. पिवळी पट्टी एक, रुंदी एकोणीस मिलिमीटर. स्प्रिंग एक, थकलेली. डब्यावर चरे सतरा. लांबी पाच मीटर होती, आता चार मीटर नव्वद आहे. माझे पहिले दहा सेंटिमीटर तुटून गेले. माझ्यावरचे आकडे थेट दहापासून सुरू होतात.

होम्स शहरात फरशी बसवणारे दोघे भाऊ होते, मुन्झिर आणि वाएल. मी त्यांचा. फरशी कापताना धाकट्या वाएलने चुकून मलाच पातं लावलं आणि माझं टोक उडालं.

"बोट गेलं असतं म्हणजे?" मुन्झिर ओरडला.

"बोट शाबूत आहे ना! टेपाचं काय, दर वेळी दहा वजा करायचे. का रे दादा, वजाबाकी शिकवली त्या दिवशी शाळेला दांडी मारली होतीस?"

नवा टेप काही आला नाही. वजाबाकी मुन्झिरच्या इतकी अंगवळणी पडली की ती तो मनातच उरकायचा आणि उरलेला आकडा तेवढा बोलायचा. आम्ही किती स्वयंपाकघरं केली, एका मशिदीचं अंगण केलं. त्या काळ्या दगडाच्या शहरात पांढऱ्या फरशीची रेघ सरळ आली की वाएल शीळ घालायचा.

मग एका सरकारी कचेरीचं काम मिळालं. भिंतीवर राष्ट्राध्यक्षांची तसबीर होती; ती नसलेली भिंत त्या देशात शोधावी लागे. वाएलच्या डोळ्यांना वाकडं खपत नसे. त्याने मला छतापासून चौकटीपर्यंत दोन्ही बाजूंना लावलं आणि म्हणाला, "साहेब डावीकडे दोन सेंटिमीटर कलले आहेत. सरळ करू का?"

एक कारकून हसला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. तिसऱ्या दिवशी पांढरी गाडी आली आणि वाएलला घेऊन गेली. तो बावीस वर्षांचा होता. माप मी दिलं होतं आणि ते बरोबर होतं.

अकरा वर्षं मुन्झिर दारोदार विचारत फिरला. "या नावाचा कोणी आमच्याकडे नाही," एवढंच उत्तर. वाट बघता बघता आई गेली. मी पिशवीत गंजत होतो.

आणि डिसेंबरातल्या एका सकाळी कळलं, हुकूमशहा देश सोडून पळाला. दुपारपर्यंत चौकाचौकांतले पुतळे आडवे झाले. लोकांनी मिठाई वाटली. मुन्झिरने हत्यारांची पिशवी उचलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच डोंगरावरचा तुरुंग गाठला. कोठड्या उघड्या होत्या. जिवंत होते ते बाहेर आले होते. त्यांत वाएल नव्हता. तरी हजारो माणसं आत शोधत होती, कारण जो तो सांगत होता की भिंतींआड चोरकोठड्या आहेत आणि तिथे माणसं अजून कोंडलेली आहेत.

शेजारी एक म्हातारी उभी होती, उम्म रातिब, म्हणजे रातिबची आई. ती आपल्या मुलाला, रातिबला शोधत होती.

"पोरा, नुसता हातोडा घेऊन काय करशील? मारायचा कुठे ते ठाऊक आहे का?"

"खाला," मुन्झिर तिला मावशीच्या नात्याने म्हणाला, "खोली लपवता येते, लांबी नाही लपवता येत. आतल्या खोल्या आणि भिंती मोजून बेरीज करायची. मग इमारत बाहेरून मोजायची. बाहेरचं जास्त भरलं, तर मध्ये काहीतरी दडवलंय."

दोघांनी आत मोजलं. मुन्झिर मनात दहा वजा करी आणि आकडा सांगे. बेरीज झाली एकतीस मीटर वीस. तेवढ्यात एक लोखंडी दार उचलायला त्याला हाक आली.

"जा तू, बाहेरचं मी बघते," उम्म रातिब म्हणाली. "तीस वर्षं शिवणकाम केलंय. टेप मला नको शिकवूस!"

तो गेला. मित्रांनो, एक वाक्य सांगायचं तो विसरला. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो! तिने मला भिंतीला लावलं, खडूने खूण केली, पुढे सरकली. असं सात वेळा. सातही वेळा मी दहा सेंटिमीटर जास्त दाखवले आणि काही करू शकलो नाही. तिचं माप भरलं एकतीस मीटर नव्वद.

"सत्तर सेंटिमीटर!" कोणीतरी ओरडलं. "अरे, माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट आहे!"

शेवटची भिंत दुहेरी असणार, असं ठरलं. पाच तास घाव पडले. मध्येच एकाला आतून ठोकल्याचा भास झाला. सगळे थांबले, विटांना कान लावून बसले. उम्म रातिब पाण्याची बाटली उघडून तयार होती. "रातिब, बाजूला सर रे," ती भिंतीला सांगत होती, "डोक्यात वीट पडेल."

भिंत आरपार झाली. पलीकडे ऊन होतं आणि वाळलेलं गवत.

मुन्झिरने भिंतीची जाडी बघायला मला भोकात घातलं. चाळीस सेंटिमीटर. मग त्याचं लक्ष माझ्या टोकाकडे गेलं.

"खाला, तुम्ही दहा वजा केले होते ना?"

"कसले दहा?"

त्याने माझं तुटकं टोक तिच्यापुढे धरलं. तिने बाटलीचं झाकण लावलं.

मित्रांनो, मला राग तिचा येत नाही, त्याचाही नाही. माणसं नेणाऱ्यांनी नावांची एक खरी यादी दाखवली असती, तर या दोघांना एका तुटक्या टेपावर जीव टांगावा लागला नसता. तुमच्या घरात मोडकं हत्यार असेल तर फेकू नका, पण त्यात काय उणं आहे ते त्याच्यावरच खिळ्याने कोरून ठेवा. ते पुढे कोणाच्या हाती जाईल आणि तो काय शोधत असेल, सांगता येत नाही.

"पुन्हा मोजू," उम्म रातिब म्हणाली. "तू धर. वजा मी करते."

ऊन उतरत होतं. तिने प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला, प्रत्येकातून दहा काढले.

आतून एकतीस मीटर वीस. बाहेरून एकतीस मीटर वीस.