जिन्यावरची मावशी

नोकरी गेली त्याच दिवशी त्याला एक मावशी झाली.

नोकरी एका कंपनीच्या तक्रार विभागात होती. दिवसभर हेडफोन लावून लोकांची रडगाणी ऐकायची आणि मवाळ आवाजात 'समजू शकतो' म्हणायचं. मग कंपनीने एक यंत्र आणलं. ते त्याच्याहून मवाळ आवाजात 'समजू शकतो' म्हणायचं आणि चहाला उठायचं नाही.

घरी परतताना त्याला नोकरीपेक्षा जिन्याची धास्ती होती. तळमजल्यावरच्या काकू, निवृत्त मुख्याध्यापिका, दार सताड उघडं टाकून बसायच्या. भर दुपारी कोणी घरी आलं की उलटतपासणी, आणि संध्याकाळपर्यंत निकाल गच्चीवर. काकूंकडून स्वतःची कीव करून घेण्यापेक्षा तो पाइपावरून चढला असता, पण पाइप त्यांच्याच खिडकीशेजारून जात होता.

त्याने मोबाइल कानाला लावला. "हो मावशी. ऐकतोय मावशी."

काकूंनी नुसती मान हलवली. फोनवरच्या माणसाला टोकणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

तेव्हापासून जाता-येता मावशी. एके दिवशी मात्र काकूंनी कठड्यावर हात ठेवून वाट अडवली.

"मावशी फार समजूतदार दिसतात. विचार की जरा, माझी सून तुटक वागते, काय करू?"

त्याने प्रश्न मोबाइलात सांगितला, उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबला. "मावशी म्हणतात, काही दिवस गप्प बसून बघा."

काकू गप्प बसल्या. सून घाबरली, त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि येताना दोघींनी मिळून डॉक्टरला नावं ठेवली. घरात सलोखा झाला.

मग रांगच लागली. दुसऱ्या मजल्यावरचा जिम ट्रेनर जगात फक्त स्वतःच्या सासऱ्यांना घाबरायचा. मावशी म्हणाल्या, त्यांना वजन उचलायला लावा. सासऱ्यांची कंबर धरली. आता ते जावयाच्या आधाराशिवाय उठत नाहीत आणि त्याला 'बाळा' म्हणतात. बिनपगारी का होईना, तक्रार विभाग पुन्हा सुरू झाला होता.

"मावशींना एक शेवटचं विचार," काकू एका दुपारी म्हणाल्या. "भाच्याची नोकरी गेलीय, शेजाऱ्यांनी काय करावं?"

त्याचा हात कानाशीच राहिला.

"भर दुपारी घरी येतोस, आणि मोबाइल पहिल्या दिवसापासून उलटा धरतोस," काकू म्हणाल्या. "म्हटलं, सांगेल आपणहून. विचार, मी थांबते."

तो बराच वेळ ऐकत राहिला. "मावशी म्हणतात... काही दिवस गप्प बसा."

काकूंनी ते शिरसावंद्य मानलं आणि इमारतीला कळवलं. सगळे इतक्या एकजुटीने गप्प बसले की जिना चढणं अवघड झालं. ट्रेनर भिंतीला चिकटून वाट द्यायचा. सासरे जावयाचा आधार न घेता कंबर धरून उठून उभे राहायचे, जणू शोकसभाच. कोणी जोरात शिंकतही नव्हतं.

शेवटी तो काकूंच्या दारासमोर थांबला, मोबाइल नीट सुलटा धरला आणि साऱ्या मजल्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, बोलू दे आता त्यांना."

काकूंनी बाजूची खुर्ची पुढे ओढली.

"बैस," त्या म्हणाल्या. "कधी गेली, का गेली, आणि तू तिथे काय घोळ घातलास, सगळं क्रमाने सांग. मावशींनाही लाइनवर ठेव."