पाळण्यातला डबा

संतराम हैदराबादच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. १९३८च्या उन्हाळ्यात एका टकटकीला कंटाळून तो हिंगोलीजवळच्या गोरेगावला थोरल्या बहिणीकडे, गोजरबाईकडे आला.

आभाळातून डोळ्यांना न दिसणारे कण सारखे पडत असतात. असा एखादा कण संतरामच्या पितळी नळीतून गेला की विजेचा फार बारीक धक्का निघे. तो धक्का मोठा करायला त्यानं रेडिओत असतात तशा काचेच्या व्हॉल्व्हांचं यंत्र बांधलं होतं. हेडफोन लावला की एका कणाला एक 'टक्' ऐकू यायचं. पंचाईत एवढीच, की नळी काढून ठेवली तरी टकटक चालूच असायची.

हा शहरातल्या विजेच्या पंख्यांचा उपद्रव, असं त्याचं मत पडलं. गोरेगावात वीजच नव्हती. हिंगोली स्टेशनावर उतरून, बैलगाडीत बॅटऱ्या घालून तो आला. ओसरीवर यंत्र तुपाच्या रिकाम्या डब्यात बसवलं, डब्याची तार ओल्या मातीत पुरली आणि नळी न जोडताच कान लावला. शहरातल्या विजेची गुणगुण गेली होती. टकटक होती, आणि तिच्या जोडीला आता घरघरही होती.

आत गोजरबाई ज्वारी दळत होती.

"अक्का, जरा थांबतीस का?"

"थांबते की. मग संध्याकाळी काय तुझा डबा खायचा?"

ती थांबली तशी घरघर थांबली. दार लोटलं की मात्र टक्, ओसरीवरून कुणी चाललं की टक्. व्हॉल्व्हच्या आतली नाजूक जाळी हादऱ्यानं थरथरत होती आणि यंत्र त्या थरथरीलाच कण समजत होतं. कॉलेजात वर्गाबाहेरच्या जिन्यावरून पोरं धावायची, ते संतरामला आठवलं. पंख्यांना आपण उगाच बोल लावला, असं त्याला वाटलं.

यंत्र टांगायला हवं होतं. माजघरात पाळणा टांगलेला होता. गोजरबाईची लेक रुक्मा बाळंतपणाला यायची होती.

"पाळण्यात लोखंड?" गोजरबाई म्हणाली. मग बराच विचार करून म्हणाली, "रिकामा हालवू नाय म्हणतात. भरलेला असंल तर चालंल. रुक्मा येईस्तोवर."

शेजारची शकुबाई आली. पाळण्यात गोधडीवर डबा पाहून थबकली.

"हे काय वं?"

"संतरामचं हाय."

शकुबाईनं संतरामकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. "आन् आई कुठंय?"

पाळण्यात टकटक पुष्कळ कमी झाली, पण कडी कुरकुरली की यायचीच. ती कडी संतराम तेल घालून घालून बघत होता, तोच रुक्मा आली आणि चार दिवसांत, दिवस भरायच्या आधीच, तिला मुलगी झाली. गोजरबाईनं डबा उचलला आणि भावाच्या मांडीवर ठेवला.

"आता हिचा."

डबा मांडीवर घेऊन त्यानं हेडफोन लावला. टक्, टक्, टक्, एका तालात. कण एका तालात येत नाहीत. जरा वेळानं त्याला कळलं, ती त्याचीच नाडी होती.

"अक्का, एखादं जुनं लुगडं असंल का?"

कडब्याच्या खोलीत, आढ्याला लुगड्याची झोळी बांधून त्यानं डबा आत ठेवला. दळण चालू होतं, लेकरू टाहो फोडत होतं आणि हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. त्यानं आधी बॅटरी तपासली. ती शाबूत होती. मग नळी जोडली. टक्. मग बराच वेळ काही नाही. टक्.

त्याचे डोळे भरून आले. कडब्याची धूळ म्हणून त्यानं ते पुसले.

नातीला खांद्यावर घेऊन गोजरबाई आली. त्यानं बहिणीच्या कानाला हेडफोन लावला.

"कोन हाय?"

"वरून आलंय."

"कुठून वरून?"

"ते अजून कुणालाच ठाव न्हाई."

"न बोलावता येऊन राहिलं," ती म्हणाली आणि चुलीकडं गेली.

कॉलेजात यंत्र वाखाणलं गेलं. साहेबांनी तशीच आणखी तीन बांधायला सांगितली. मऊ, विरलेल्या कापडासाठी संतरामनं गावाकडं निरोप धाडला. हिंगोलीच्या एका व्यापाऱ्यासोबत गोजरबाईनं दोन लुगडी पाठवली आणि सांगावा दिला, "तिसरं अजून नेसून राहिले. फाटलं की धाडते."