रिकाम्या ओळीपलीकडे

मी एक जुना हुडक्या आहे, संगणकातला छोटासा प्रोग्राम. मित्रांनो, मला बटणं नाहीत की रंगीत चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर माझं नाव टाइप करायचं, पुढे तक्त्याचं नाव लिहायचं आणि एंटर दाबायचं. त्या तक्त्यात माहिती कुठे सुरू होते, कुठे संपते, तिच्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा कोणता, हे मी पापणी लवायच्या आत सांगतो. मला पापण्या नाहीत, पण आत्मवृत्त सांगणाऱ्याला एवढी सवलत असतेच.

माझा जन्म लसींच्या शीतगृहात झाला. तिथल्या भांडारप्रमुख बाईंची नणंद तिथेच संगणकाचं काम पाहायची. बाई तिला ‘वन्सं’ म्हणायच्या, म्हणून हळूहळू रखवालदारापासून डॉक्टरांपर्यंत सगळेच तिला वन्सं म्हणू लागले. मला त्यांनीच घडवलं, आणि तेही रात्रपाळीच्या काकांमुळे.

फ्रिजचं तापमान तक्त्यात भरताना काकांच्या हातून एकदा दिवसपाळीचे आकडे पुसले गेले होते. दुधानं तोंड पोळलेले काका तेव्हापासून ताकही फुंकून पिऊ लागले. इतरांच्या आकड्यांपासून कोसभर लांब एखादा कोपरा गाठून ते आपल्या नोंदी लिहायचे, आणि तो कोपरा रोज वेगळा. सांगून सांगून सगळे थकले. रोज सकाळी तो कोपरा मी हुडकून द्यायचो आणि वन्सं चारचौघांत माझं कौतुक करायच्या. मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू?

मग काका लांबच्या रजेवर गेले आणि नवा देखणा प्रोग्राम आला. बदलीचा माणूस सरळ ओळीखाली ओळ लिहायचा, त्यामुळे नव्याचं छान निभावलं. माझं नाव कुणी घेईना. फार वाईट वाटलं मला.

काका रजेवरून परतले, पहिली रात्रपाळी करून घरी जाऊन झोपले, आणि त्याच सकाळी तपासणी अधिकारी आले. बाहेर बाळांना घेऊन आईवडील लसीसाठी रांगेत उभे होते. नवा प्रोग्राम म्हणाला, काल संध्याकाळनंतर एकही नोंद नाही. साहेबांनी नियम सांगितला: रात्रभर तापमान किती होतं ते माहीत नसेल तर लस टोचता येत नाही, सगळा साठा नष्ट करावा लागेल. नवा साठा लवकर मिळणार नव्हता. काका नोंद चुकवणार नाहीत, असं बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. तक्ता खालीवर सरकवून त्यांचं बोट दुखायला लागलं. काकांचा फोन बंद होता. बाईंचा चेहरा उतरला.

“वन्सं, तुमचा हुडक्या आहे का हो अजून?”

“आहे तर. पोटच्या पोराला कुणी टाकतं का, वहिनी?”

काळा पडदा उघडला. किती दिवसांनी माझं नाव उमटलं! मी तक्ताभर धावलो. पहिली माहिती डावीकडे वरच्या कोपऱ्यात होती, ती सगळ्यांना ठाऊक होती. पण रिकाम्या ओळी आणि रिकामे रकाने ओलांडत मी पार उजवीकडे तळाशी पोचलो, आणि तिथे काका होते! म्हणजे त्यांचे आकडे होते, संध्याकाळपासून पहाटेपर्यंतचे, एकही तास न गाळता. सर्वांत लहान आकडा तीन, सर्वांत मोठा सात. लसीला दोन ते आठ अंश चालतात.

साहेबांनी स्वतः त्या कोपऱ्यात जाऊन एकेक आकडा तपासला.

“मग या नव्या प्रोग्रामला हे का दिसलं नाही?” त्यांनी विचारलं.

“तो पहिल्या रिकाम्या ओळीपाशी थांबतो,” वन्सं म्हणाल्या. “हा थांबत नाही.”

साहेबांनी मंजुरीची सही केली. बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि दार उघडायला सांगितलं. थोड्याच वेळात पहिल्या बाळानं भोकाड पसरलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा जयजयकार होता.

आता रोज सकाळी आधी मी धावतो, मग तो देखणा. तुमच्याजवळही एखादं जुनं अवजार असेल, काकांसारखं एखादं जुनं माणूसही असेल. त्यांना सांभाळा. मध्ये एक रिकामी ओळ दिसली, एवढ्यावरून त्यांचं संपलं असं समजू नका. जरा पुढे जाऊन पाहा.