वाळूची चार पोती

ज्ञानूनं ट्रेलरचा दांडा उचलून जीपच्या हुकावर टेकवला, खीळ खाली पाडली आणि वर एक लाथ घालून बघितली. दांडा हलला नाही. तरी त्यानं आणखी एक घातली. सतरा वर्षं लष्करात गाड्या हाकलेला माणूस. गडबडीत चूक करायची नाही, हे त्याच्या अंगात मुरलं होतं.

"झालं का, तात्या?" फाटकाबाहेरून जालिंदरनं विचारलं. त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता.

"झालं. तू हो फुडं. हातरायला काय आसंल त्ये काढून ठेव. आलोच मी."

जालिंदर पळतच सुटला.

ज्ञानूच्या मालकांनी, हंबीररावांनी, आत्ताच चूळ भरायची थांबवून जालिंदरचं सगळं ऐकून घेतलं होतं. जालिंदर बौद्ध वस्तीतला गवंडी. त्याची बायको मुक्ता कालपासून अडली होती. पोर आडवं आलं होतं. पहाटे सुईणीनं हात टेकले आणि सांगलीला न्या म्हणून ती उठून गेली. हंबीररावांनी जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. "ज्ञानू, जीप काढ. सांगलीच्या दवाखान्यात पोचीव तिला. येळ घालवू नगं," एवढं बोलून ते आंघोळीला गेले. असा माणूस गावात दुसरा नव्हता, आणि अशी जीप तर साऱ्या शिराळ्याच्या भागात नव्हती. घेतली होती लष्कराच्या लिलावात, पण कोल्हापुरात दोन महिने ठेवून तिला असं नटवून आणलं होतं की बघणाऱ्यानं बाहेर चप्पल काढूनच आत पाय ठेवावा. गुबगुबीत लाल सीटा, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. सीटांवरचा प्लास्टिकचा कागद सहा महिने झाले तरी हंबीररावांनी काढू दिला नव्हता. ट्रेलर मात्र होता तसाच होता. त्यातून खत जायचं, उसाचं बेणं जायचं, कधी आजारी रेडकू जायचं.

वस्तीत जीप शिरली तेव्हा जालिंदरची आई बनाबाई कडब्याच्या दोन पेंढ्या काखेत धरून दारातच उभी होती. जीप नीट थांबायच्या आधीच ती ट्रेलरकडं गेली आणि पेंढ्या सोडून आत पसरायला लागली. वर एक वाकळ टाकली, उशाला लुगड्याची घडी केली.

"आई, आटप," जालिंदर म्हणाला.

चौघींनी मुक्ताला उचलून आणलं. बावीस-तेवीस वर्षांची पोर, पण तोंड असं उतरलं होतं की ज्ञानूनं ओळखलंच नाही. तिनं डोळे उघडून एकदा जीपकडं बघितलं, एकदा ज्ञानूकडं, आणि ओठ चावून डोळे पुन्हा मिटून घेतले.

निघायचं तर ज्ञानूचा पाय निघेना. त्याला ट्रेलरची खोड ठाऊक होती. त्याच्या चाकांवरच्या पोलादी कमानी अर्ध्या टनाच्या ओझ्यासाठी घडवलेल्या; तीन माणसांनी त्या दबतात कशाला! ओझं नसलं की ट्रेलर दगडा-दगडावर टणाटणा उडतो, आणि उडाला की आतल्याची हाडं खिळखिळी करतो.

"जालिंदर, रिकामी पोती हायती का रं? चार बघ. त्या बांधकामावरची वाळू भरू त्यात. वजन पडलं म्हंजी मऊ चालंल."

जालिंदरनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं. मग दोघांनी घमेली उचलली. चार पोती भरून, तोंडं बांधून, ट्रेलरच्या दोन्ही अंगांना नीट तोलून ठेवेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली. पण काम चोख झालं. ज्ञानूनं कमान हातानं चाचपून बघितली आणि हे आपल्याला सुचलं याचं त्या गडबडीतही त्याला बरं वाटलं.

बनाबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली. जालिंदर पायाशी बसला. ज्ञानूनं जीप सुरू केली. जीपमध्ये तो एकटाच होता.

शिराळ्यापर्यंतचा रस्ता म्हणजे पावसानं धुऊन नेलेली खडी. ज्ञानूनं काटा दहाच्या वर जाऊ दिला नाही. एक एक खड्डा तो चुकवत होता, नाहीच चुकला तर जवळजवळ थांबून, हळूच उतरत होता. तरीही मागून मुक्ताचं कण्हणं यायचं. ते आलं की तो मान आत ओढून घ्यायचा आणि आणखी हळू चालवायचा. लग्नाच्या वरातीतला बैलसुद्धा यापेक्षा भराभर चालतो.

शिराळ्याच्या नाक्यावर भाऊसो पाटलानं हात केला. हंबीररावांचा चुलत भाऊ. धोतर सावरत तो ज्ञानूच्या शेजारी येऊन बसला आणि पाठ टेकून त्यानं हुश्श केलं.

"इस्लामपुरात सोड मला. मागं कोन हाय रं?"

"जालिंदर गवंड्याची बायकू. अडलीया. सांगलीला न्यायचीया."

"आरारा!" भाऊसोनं मागचा पडदा सारून बघितलं. "लय अवघाडलीया पोरगी. हळू घे, ज्ञानू. हादरं बसू देऊ नगं."

मग पेठ नाक्यापर्यंत तो कारखान्याच्या ऊसतोडीबद्दल बोलत होता. इस्लामपुरात उतरल्यावर मात्र तसाच निघून गेला नाही. हॉटेलातून तांब्याभर पाणी आणि पेलाभर दूध घेऊन आला, ते जालिंदरच्या भांड्यात वरून ओतलं, आणि "भिऊ नगंस, समदं नीट व्हईल," असं मनापासून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्या दिवशी वाईट असं कुणीच भेटलं नाही.

आष्टा ओलांडल्यावर मागचं कण्हणं थांबलं. ज्ञानूला वाटलं, डोळा लागला असेल, बरं झालं. थोड्या वेळानं बनाबाईचा आवाज आला.

"मुक्ता. ए मुक्ता. बोल की गं."

तेव्हा ज्ञानूनं वेग वाढवला. डांबरी रस्ता होता, पण ट्रेलर डावीउजवीकडं झुलायला लागला आणि जालिंदर ओरडला, "तात्या, हळू! पडंल ती!" त्यानं पुन्हा पाय काढला. दवाखान्याच्या आवारात ते पोचले तेव्हा पावणेदहा झाले होते. साडेसहाला निघाले होते.

अकराच्या सुमाराला मुलगी झाली. ती रडली. बाराच्या आत मुक्ता गेली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा ज्ञानू दारापाशी उभा होता आणि जालिंदर भिंतीला टेकून खाली बसला होता. बाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या, आणि त्यांचा स्वर चढलेला होता, पण तो रागाचा नव्हता.

"फार उशीर केलात हो. रक्त वाटेतच गेलं सगळं. तासभर आधी आली असती तर मी काहीतरी करू शकले असते. कशातनं आणलंत?"

"जीपनं," ज्ञानू म्हणाला.

"मग अंगाला हा कडबा कसा? कोपरं सोललीत तिची."

"ट्रेलरमधी निजवलीवती."

बाईंनी खिडकीतून आवारात बघितलं. उन्हात ती जीप उभी होती, पडदे लावलेली, लाल सीटांची.

"जीप होती ना? मग तीत का नाही झोपवली?"

"मालकांनी..." ज्ञानू म्हणायला लागला. मालकांनी काय? मालकांनी 'जीप काढ' म्हटलं होतं. ट्रेलरचा शब्दसुद्धा काढला नव्हता. जालिंदरनं काढला नव्हता, बनाबाईनं काढला नव्हता. त्यानं स्वतः जाऊन, कुणी न सांगता, तो दांडा उचलला होता.

बाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत. आत आणखी दोघी अडलेल्या होत्या.

ज्ञानू आवारात येऊन जीपच्या चाकाशी बसला. नको म्हटलं तरी डोक्यात हिशेब सुरू झाला. ट्रेलर नसता तर चाळीसच्या वेगानं आलो असतो. साडेआठला, फार तर पावणेनऊला. वाळूची ती वीस-पंचवीस मिनिटं वेगळीच. आणि पासष्ट साली पंजाबात याच हातांनी जखमी उचलले होते की! महार पलटणीचा एक नाईक होता, सोलापूरकडचा, पोटात लोखंड घुसलेला. त्याला पुढच्या सीटवर घेतलं होतं, स्वतःच्या बाटलीनं पाणी पाजलं होतं, आणि तो वाचला म्हणून नंतर दोघांनी मिठी मारली होती. तिथं असलं काही मनातसुद्धा आलं नाही. मग गावच्या मातीत पाय ठेवल्याबरोबर काय होतं माणसाला? ज्ञानूनं गुडघ्यात डोकं घातलं आणि तो रडला. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

तीन वाजता कागदपत्रं झाली. बाळाला दोन दिवस ठेवा असं दवाखान्यात म्हणत होते, पण वस्तीत पाजायला दोन ओल्या बाळंतिणी होत्या आणि बनाबाईला पोरीला एकटं सोडवेना. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली मुक्ता बाहेर आणली, तेव्हा ज्ञानूनं जीपचं मागचं दार उघडून धरलं. सीटवरचा प्लास्टिकचा कागद त्यानं हातानं साफ केला होता.

"हितं ठेवू तिला, जालिंदर. हितं नीट मावंल."

जालिंदरनं त्या सीटकडं बघितलं.

"आता कशाला, तात्या?" तो म्हणाला. "आता तिला हादरं लागत न्हाईत."

त्यानं बायकोला ट्रेलरमध्येच निजवलं आणि तो तिच्याजवळ, वाळूच्या पोत्यावर, बसला. बनाबाईला मात्र त्यानं दंडाला धरून पुढं आणलं.

"आई, तू पोरीला घिऊन फुडं बस."

"आरं, नगं. सीट..."

"बस म्हनतो न्हवं!"

म्हातारी बसली. पण सीटच्या कडेला, पाठ न टेकता, नातीला छातीशी धरून. ज्ञानू दोनदा म्हणाला, "टेका, मावशी." ती नुसती मान हलवायची. चाळीसेक मैल ती तशीच, ताठ बसून आली.

दिवस मावळायला आला तेव्हा ते वस्तीत पोचले. बायकांचा एकच आकांत उठला. ज्ञानू तिथं थोडा वेळ घुटमळला, पण त्याच्याकडं कुणी बघेना, म्हणून गाडी घेऊन तो हंबीररावांच्या अंगणात आला. वाटेत त्यानं मनाशी एक धरून ठेवलं होतं. हंबीरराव आबांना हे चाललंच नसतं. जीपमध्ये घातली असती तर आबा भडकले असते. मी आपला रीतीनं वागलो. तेवढ्या एका गोष्टीच्या आधारानं तो आष्ट्यापासून इथवर आला होता.

हंबीरराव पायरीवर उभे होते. "काय झालं?"

"पोरगी झाली, आबा. मुक्ता गेली."

हंबीरराव मटकन पायरीवर बसले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग त्यांची नजर मागं गेली.

"ह्यो ट्रेलर कशाला लावलावतास रं?"

ज्ञानूनं हुकावरच्या खिळीकडं बघितलं.

"मी जीप काढ म्हनालो न्हवतो? आरं, मागच्या सीटवर आडवी मावली आसती ती! एवढा पलटनीतनं आलेला मानूस तू..."

"व्हय, आबा."

"काय केलंस ह्ये, ज्ञानू?"

ते खरंच कळवळून बोलत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्ञानूला वाटलं, आत्ता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "येताना म्हातारीला आनि पोरीला फुडं बसीवलं."

"बरं केलंस," हंबीरराव म्हणाले. ते उठले. आत जाता जाता उंबऱ्यापाशी थांबले आणि जीपच्या पुढच्या सीटकडं त्यांनी बघितलं.

"जीप तेवढी धुऊन घे."

"जीपमधी काय सांडलं न्हाई, आबा. वर कागद बी हाय."

"तरी," हंबीरराव म्हणाले आणि आत गेले.

ज्ञानू अंगणात उभा राहिला. आबांचा राग धरला तर आपण यातून सुटतो, हे त्याला समजत होतं. म्हणून तो रागही त्यानं धरला नाही. दोन बादल्या भरून त्यानं ट्रेलर धुतला, कडबा काढून टाकला, चारी पोती आडाशेजारी उतरवून ठेवली. जीपला हात लावला नाही. किल्ली खुंटीवर टांगली आणि तो चालत वस्तीकडं निघाला.

मुक्ताला बाहेर काढलं होतं. बुद्धवंदना म्हणून झाली होती. गावातलं दुसरं कुणी आलेलं नव्हतं. चौघांनी तिरडी उचलली. ओढ्याच्या वळणावर खांदा बदलायला ती जरा थांबली, तेव्हा ज्ञानू पुढं सरला आणि खांदा द्यायला त्यानं हात वर केला.

जालिंदरनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"तुमी मागनं या, तात्या," तो म्हणाला.

ज्ञानूनं हात खाली घेतला. माणसं पुढं जाऊ दिली, आणि तो मागून चालू लागला.