शंभरावी गोणी

मागायला जीभ सैल सुटते हिची, सांगायची वेळ आली की टाळ्याला चिकटते. आजी नातीवर सकाळपासून धुमसत होती, आणि कारण तसंच होतं. गोदीच्या कामगारांवर नात नाटक बसवत होती, उद्या त्याचं शूटिंग. गोदीत माल उचलायचं यंत्र, म्हणजे विंच, चालवणाऱ्या एका जुन्या विंचवाल्याच्या मुलाकडे जाऊन, गोड बोलून तिनं त्याच्या मेलेल्या बापाचे चामडी हातमोजे आणले होते. ते मोजे घालणारा नट नाटकात खुनी ठरतो, हे मात्र त्याला सांगितलं नव्हतं. आणि तो साठीचा माणूस आज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून युनियनच्या हॉलमध्ये पहिल्या बाकावर बसला होता.

"अगं, त्याला सांग तरी," आजी म्हणाली.

"आजी, नाटकात कुणीतरी वाईट लागतंच. आणि हे तर गोदीतल्या त्या अपघातापासून सगळेच म्हणतात."

म्हणतात, हे खरं होतं. आजी मुकाट्यानं जाऊन त्या माणसाशेजारी बसली.

ढोल वाजला, तालीम सुरू झाली. जहाजाच्या पोटात माणसं काम करतायत. वर काठावर इशारेवाला, म्हणजे आजीचा नवरा, 'थांब' म्हणून हात उंच धरून उभा. विंचवाला त्याच्याकडे बघतो, हसतो आणि दांडा ओढतो. गोण्यांची जाळी धाडकन खाली. एक जण मेला.

"माझा बाप असा हसायचा नाही, काकू," तो माणूस हळूच म्हणाला.

आजीनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"घरी एकच सांगायचा. हात 'खाली सोड' म्हणत होता, मी खाली सोडलं. मरेपर्यंत तेच. आम्ही पोरांनीसुद्धा कधी खरं मानलं नाही."

विंचवाल्याला जहाजाचं पोट दिसतच नाही. त्यानं फक्त इशारेवाल्याचा हात बघायचा आणि इशारेवाल्यानं फक्त खाली बघायचं, अशीच कामाची रीत. अपघाताच्या दिवशी आजी धक्क्यावर बसून फाटक्या गोण्या शिवत होती. दुपारच्या आत शंभर शिवून दाखवीन, अशी नवऱ्याशी पैज लागली होती. शंभरावी झाली तशी ती बारदानाच्या ढिगावर चढली आणि गोणी डोक्यावर धरून नाचवली. नवऱ्यानं मान वळवली, हसला. हात मात्र 'खाली, खाली' करतच राहिला, आणि जाळी खालच्या माणसावर गेली.

चौकशीत तिला कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. विंचवाल्याचं काम गेलं.

"बंद करा," आजी उठून म्हणाली. ढोलवाला थबकला. "हात वर नव्हता. खालीच होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी गोणी नाचवत होते. ह्याच्या बापाची काडीची चूक नाही."

शेजारचा माणूस तिच्याकडे बघतच राहिला.

नात मंचावरून उतरली. चेहरा पांढराफटक. "आजी, हळू बोल ना. त्या अपघातानंतरचा अख्खा संप आजोबांनी उभा केला. उद्या कॅमेऱ्यापुढे मी त्यांना हे करताना दाखवू? लोक काय म्हणतील त्यांना?"

"संपात काय मागितलं होतं, सांग."

"दर जहाजावर दुसरा इशारेवाला."

"का मागितला? चौदा तास एकट्याचा हात, एकट्याचे डोळे. माणसाची मान वळणारच. त्यांची वळली होती, म्हणून संपात अकरा आठवडे अर्धपोटी राहिले ते. रात्र रात्र झोपायचे नाहीत. ते तुझ्या नाटकात कुठंय?"

आजी नातीच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"नाटक झकास बसवलंयस, पण भित्रेपणानं बसवलंयस. आजोबांना देव केलंस आणि त्यासाठी दुसऱ्याचा बाप चिखलात लोळवलास. तेच मी तोंड शिवून केलं इतकी वर्षं, म्हणून ओळखते मी. आता विंचवाल्याच्या ह्या मुलाची माफी आपण दोघींनी मागायची, मी आधी. मग उद्या मला गोणी घेऊन त्या बारदानाच्या ढिगावर उभी कर. नसेल जमत, तर माझ्या नवऱ्याला नाटकातून काढून टाक. खोटा करून मी तो तुला द्यायची नाही."