थोरलीची कॉफी फुटली

पाहुण्यांसमोरच थोरलीच्या कॉफीत क्रीम फुटलं आणि कपांत पांढऱ्या गुठळ्या तरंगू लागल्या. धाकट्या जावेच्या कॉफीचं मात्र घरभर कौतुक! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्या क्रीममध्ये काही कालवलंस का गं?" तिनं स्वयंपाकघरात धाकटीला गाठलं.

"नाही हो ताई. क्रीम जुनं झालं की आंबतं. त्यात कॉफी कडक आणि उकळती, मग फुटणारच. ताजं क्रीम आधी कोमट करा, कॉफी जरा निवू द्या."

म्हणणं पटलं, म्हणून थोरली आणखीच जळली. रविवारी तिनं निमूटपणे तसंच केलं. कॉफी छान जमली. सासूबाई घोट घेऊन म्हणाल्या, "वा! धाकटीनं केलीय वाटतं?"

"मी केलीय!" थोरली इतक्या जोरात म्हणाली की सासूबाईंच्या हातातला कप हिंदकळला.