देवघरात राहिलेलं मत

लाल रंग बघून मला लग्नाची पत्रिका समजू नका, मित्रांनो. मी एक जुना लिफाफा आहे, टपालाने मत पाठवायचा. जुना म्हणजे जेमतेम दोन वर्षांचा. पण आम्हा लिफाफ्यांचं आयुष्यच आठवडाभराचं, त्या मानाने मी म्हातारा. आणि मी अजून बंदच आहे. मला कोणी उघडलंच नाही.

इथे जर्मनीत प्रत्येक राज्याची स्वतःची विधानसभा असते, तिला लांडटाग म्हणतात. बायर्न राज्यात तिची निवडणूक आली आणि मी इंगोलश्टाटला शोभनाताईंच्या घरी पोचलो. माझ्यासोबतची एक मतपत्रिका अशी अवाढव्य, की उघडल्यावर जेवणाचं टेबल झाकून गेलं. "अहो, हे मत द्यायचं की पलंगावर अंथरायचं?" म्हणत शोभनाताई खळखळून हसल्या.

त्यांचे यजमान वासुदेवराव गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. सव्वीस वर्षं दोघं इथे राहिली. दर निवडणुकीला शोभनाताई दिव्याच्या खांबांवर लटकलेले उमेदवारांचे फोटो बघायच्या आणि म्हणायच्या, "कर भरा, कचरा वेगळा करा, सगळं करा, पण निवडायचं कोणाला, ते आम्हाला कोणी विचारायचं नाही!" शेवटी त्यांनी रडत रडत भारताचा पासपोर्ट परत केला आणि इथल्या नागरिक झाल्या. हे त्यांचं पहिलं मत. पण दुखण्याने त्या इतक्या खंगल्या होत्या, की मतदान केंद्रापर्यंत चालवणार नव्हतं. म्हणून तर मला बोलावलं.

मतदानाच्या आधीच्या रविवारी त्यांनी तासभर नावं वाचली, खुणा केल्या, सही केली आणि मला नीट चिकटवलं. काय ऐट होती तेव्हा माझी! मग म्हणाल्या, "अहो, आधी देवापुढे ठेवा, आणि उद्या टपालात टाका." आपल्याकडे नवी गाडी असो की परीक्षेचं हॉलतिकीट, देवाला दाखवल्याशिवाय चालत नाही. वासुदेवरावांनी माझ्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि मला गणपतीशेजारी उभं केलं.

सोमवारी सकाळी शोभनाताई स्वयंपाकघरात कोसळल्या. अँब्युलन्स आली, दार बंद झालं, मी तिथेच राहिलो. पुढचं मी नंतर ऐकलं. दवाखान्यात त्यांनी एवढंच विचारलं, "माझं मत टाकलंत ना?"

"हो गं, टाकलं," वासुदेवराव म्हणाले.

संध्याकाळी घरी जाऊन टाकू, असं त्यांच्या मनात होतं. पण त्यांचा पाय तिथून निघाला नाही. मंगळवारी शोभनाताई गेल्या.

घराला सुतक लागलं, देवघरावर पांढरं कापड पडलं. मुलगी मैत्रेयी हायडेलबर्गहून आली. ती इथेच वाढली, इथेच तिचं लग्न झालं. बापाने मराठीत विचारलं की ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. वासुदेवराव दिवसातून दहादा देवघरापाशी यायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि परत जायचे. सुतकात देवघराला हात कसा लावायचा? आणि मुलीला कसं सांगायचं, की तुझ्या आईशी मी शेवटचं बोललो ते खोटं होतं? मी आतून ओरडत होतो, "अहो, घ्या ना मला! अजून वेळ आहे!" पण लिफाफ्याचं ऐकतंय कोण!

रविवार आला. संध्याकाळी सहा वाजता मतदान संपलं आणि टीव्हीवर आकडे येऊ लागले. मैत्रेयी जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा, टपालाची मतंही यात धरतात. म्हणजे आई आहे यात."

"हं," वासुदेवराव म्हणाले.

मित्रांनो, तो एवढासा हुंकार ऐकून माझं काळीज तुटलं.

तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं. मैत्रेयीने कापड काढलं, देव घासायला घेतले आणि मी तिच्या हाती लागलो. तिने मला उलटसुलट करून पाहिलं. वासुदेवरावांनी तिला सगळं सांगितलं. "मला शिवता येत नव्हतं गं," म्हणाले.

मैत्रेयीने मला अलगद खाली ठेवलं. मग ती मराठीत बोलली, अडखळत, शब्द शोधत. "बाबा, मला तीनच दिवस होते. लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवसांचं सुतक असतं. आजी गेली तेव्हा आईनेच सांगितलं होतं मला. शुक्रवारी मी मोकळी होते, बाबा. मला सांगायचं होतंत ना."

वासुदेवराव तोंड झाकून रडले. इथे वाढलेल्या मुलीला यातलं काय कळणार, असं धरून चालले होते ते.

आता मी कपाटाच्या खणात शोभनाताईंच्या चष्म्याजवळ असतो. हळद उडाली, कुंकू अजून आहे. त्यांनी कोणाला मत दिलं ते फक्त मला ठाऊक. विचारू नका, सांगणार नाही. माझं तेवढं एकच काम धड झालंय. मित्रांनो, कोणी विश्वासाने काही पोचवायला दिलं, तर त्याच दिवशी पोचवा रे. आणि राहून गेलंच, तर लाजून गप्प बसू नका, घरातल्यांना सांगा.

वासुदेवराव रोज सकाळी खिडकीशी चहा घेतात. समोर रस्त्यापलीकडे पिवळी टपालपेटी आहे. घरापासून ऐंशी पावलं. शोभनाताईंनी त्यांच्याकडे तेवढीच मागितली होती.